पिस्टन इंजिनांच्या लढाऊ विमानांचे एक्झॉस्ट: शेवटच्या वीतभर नळीतलं इंजिनिअरिंग

वाऱ्याचा_वेग

स्पिटफायर, मस्टँग किंवा मेसरश्मिट १०९ चा बाजूने काढलेला फोटो बघा. नाकाच्या दोन्ही अंगांना आखूड, मागे वळलेल्या नळ्यांची रांग दिसते. धूर बाहेर टाकायला काहीतरी हवं म्हणून लावलेल्या नळ्या, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात या नळ्यांच्या तोंडाचा आकार, कोन आणि लांबी यांवर विमानाचा वेग, रात्री पायलटला दिसणं आणि कॉकपिटमधली हवा अशा तिन्ही गोष्टी ठरत होत्या. म्हणून हा धागा. सुरुवात स्पिटफायरच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनापासून करतो.

स्पिटफायरचं पहिलं नमुना विमान के५०५४ हे ५ मार्च १९३६ ला उडालं, तेव्हा त्याचे एक्झॉस्ट जवळजवळ पत्र्याच्या सपाटीत होते आणि वायू बाजूला फेकले जात. कमीत कमी वस्तू हवेत बाहेर याव्यात, म्हणजे हवेचा अडथळा कमी, एवढाच त्यामागे हिशोब होता. पण मर्लिन पूर्ण ताकदीवर दर मिनिटाला एका साध्या बसच्या पोटात मावेल एवढी हवा गिळतं आणि जळालेला वायू ताशी सुमारे २,१०० किमी वेगाने बाहेर पडतो. एवढा वेग बाजूला वाया घालवण्यापेक्षा मागे वळवला तर विमानाला पुढे रेटा मिळेल, हे रोल्स-रॉइसने हेरलं. सप्टेंबर १९३७ मध्ये के५०५४ ला असे मागे वळवलेले 'इजेक्टर' एक्झॉस्ट बसवले. चाचण्यांत ताशी ३०० मैलांना ७० पौंड रेटा मिळाला, म्हणजे साधारण ७० हॉर्सपॉवर. कमाल वेग १० मैलांनी वाढून ताशी ३६० मैल झाला.

'७० पौंड म्हणजे ७० हॉर्सपॉवर' हा योगायोग वाटतो, म्हणून आकडेमोड देतो. ७० पौंड म्हणजे ३११ न्यूटन. ताशी ३०० मैल म्हणजे सेकंदाला १३४ मीटर. गुणाकार ४१.७ किलोवॉट, म्हणजे ५६ हॉर्सपॉवर. पण ही ताकद थेट विमानाला मिळते, प्रोपेलरमधून येत नाही. प्रोपेलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तेवढ्याच रेट्यासाठी इंजिनाच्या शाफ्टवर ५६ भागिले ०.८, म्हणजे ७० हॉर्सपॉवर लागले असते. आता वेग वाढवून बघा. रेटा तोच धरला तरी ताशी ४०० मैलांना हाच आकडा ९३ होतो. विमान जितकं वेगवान, तितका हा रेटा जास्त मोलाचा.

उलट तपासही करून बघता येतो. सुरुवातीच्या मर्लिनची ताकद हजाराच्या थोडी वर होती. त्यात ७० म्हणजे सुमारे ७ टक्के. वेग ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सव्वादोन टक्के. ३५० चे सव्वादोन टक्के म्हणजे ८ मैल. चाचणीतल्या १० मैलांच्या अगदी जवळ.

हवेने थंड होणारी इंजिनं, टर्बो आणि रात्रीची विमानं यांवर इथे माझ्याहून जास्त जाणणारे आहेत. त्यांनी जरूर लिहावं.

सांगलीकर

उत्तम सुरुवात. दोन शंका आहेत.

१. रेटा वाढवायचा तर नळीचं तोंड अरुंद करायला हवं. मग सिलिंडरवर उलटा दाब येऊन इंजिनाची ताकदच कमी होणार नाही का?

२. मस्टँगच्या पोटाखालच्या रेडिएटरमधून रेटा मिळतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते हेच का?

वाऱ्याचा_वेग

दुसरी शंका आधी, कारण या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. रेडिएटरचा तो परिणाम मेरेडिथच्या नावाने ओळखला जातो. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ च्या सुमारास तो मांडला. तिथे थंड हवा बोगद्यात शिरते, मंदावते, रेडिएटरच्या उष्णतेने फुगते आणि मागच्या अरुंद झडपेतून वेगाने निघते. त्यामुळे रेडिएटरचा अडथळा बराचसा भरून निघतो. त्याचा एक्झॉस्ट वायूशी संबंध नाही. मस्टँगमध्ये दोन्ही होतं, रेडिएटर पोटाखाली आणि इजेक्टर नळ्या नाकावर. हिशोब करताना दोन्ही वेगळे धरायचे.

पहिली शंका मात्र या विषयाच्या गाभ्याची आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून खाली पोचायचा असतो आणि सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कैक पट दाब असतो. त्या पहिल्या क्षणी वायू स्वतःच्याच दाबाने सुटतो. नंतर पिस्टन वर येताना उरलेला वायू ढकलून काढतो. पहिल्या टप्प्यातली ऊर्जा पिस्टनला काही केल्या परत मिळत नाही, ती फुकटच जाते. तोंड थोडं अरुंद केलं तर हा पहिला झोत जास्त वेगाने सुटतो, आणि पिस्टन वर येईपर्यंत दाब उतरलेला असतो. त्यामुळे एका मर्यादेपर्यंत ताकदीला धक्का न लावता रेटा वाढतो. त्या मर्यादेपलीकडे तोंड आवळलं की दुसऱ्या टप्प्यात पिस्टनला दाबाशी झगडावं लागतं, जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, ताजं इंधन-हवेचं मिश्रण कमी भरतं आणि ताकद झपाट्याने घसरते. अमेरिकेच्या नाका या विमानविद्येच्या संशोधन संस्थेने १९४० च्या आसपास एकेका सिलिंडरच्या नळीवर याच मर्यादेचे प्रयोग केले. ही मर्यादा इंजिनात किती वायू जातो त्यावर ठरते. म्हणजे एका इंजिनासाठी बरोबर असलेलं तोंड जास्त बूस्टच्या (म्हणजे सुपरचार्जर या हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने जास्त दाब दिलेल्या) इंजिनाला अरुंद पडतं. बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला जुनी नळी तशीच ठेवली तर वाढलेल्या ताकदीचा काही भाग तिथेच गिळला जातो.

मृण्मयी१९

रेट्याचा आकडा पहिल्या तत्त्वांवरून जुळतो का ते बघितलं. मर्लिन २७ लिटरचं, ३,००० फेऱ्यांना मिनिटाला १,५०० वेळा पूर्ण भरतं, म्हणजे ४०,५०० लिटर. सव्वासहा पौंड बूस्टला मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या १.४ पट. सुपरचार्जरमधून तापून आलेल्या हवेची घनता घनमीटरला १.३५ किलोच्या आसपास धरली तर सेकंदाला सुमारे ०.९ किलो हवा.

बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला ५८० मीटर. ०.९ गुणिले ५८० म्हणजे ५२२ न्यूटन. पण हीच हवा आत घेताना विमानाच्या वेगापर्यंत ओढून आणावी लागते, त्याचे ०.९ गुणिले १३४ म्हणजे १२१ न्यूटन वजा. उरले ४०१. मोजलेला आकडा ३११. नळ्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या असतात, हे त्याचं एक कारण. ३० अंशांचा कोन धरला तर ५२२ चे ४५२ होतात, वजा १२१, म्हणजे ३३१. इंधनाचं वजन मी धरलेलं नाही, झोत धडधडता असतो तेही नाही, तरी आकडा योग्य घरात पडतो.

यात एक गोष्ट ठळक दिसते. कोनाचा फटका पूर्ण ५२२ वर बसतो, पण वजाबाकीचे १२१ जसेच्या तसे राहतात. म्हणून कोन थोडा चुकला तरी निव्वळ रेट्यात मोठी घट येते. नळ्या पूर्ण समांतर मागे वळवल्या तर तापलेला वायू पत्र्याला चाटत जातो. म्हणजे इथे दोन्हीकडून ओढाताण आहे.

घाटमाथा

मृण्मयी१९, मस्त हिशोब. मी नळ्यांच्या जोड्यांबद्दल लिहितो.

सुरुवातीच्या मर्लिनवर एका बाजूला सहा सिलिंडर पण तीनच नळ्या होत्या. शेजारच्या दोन सिलिंडरांचा वायू एकाच तोंडातून जाई. नंतर दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन आलं (स्पिटफायर मार्क नऊ), त्यावर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, अशा बाजूला सहा नळ्या दिसतात. फरक फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मांडली की कळतो.

मर्लिनचा क्रम असा (ए आणि बी म्हणजे इंजिनाच्या दोन बाजू): १ए, ६बी, ४ए, ३बी, २ए, ५बी, ६ए, १बी, ३ए, ४बी, ५ए, २बी. फक्त ए बाजू घेतली तर १, ४, २, ६, ३, ५ आणि प्रत्येकात १२० अंशांचं अंतर. आता जोड्या करा. ३ आणि ४ यांच्यात ३६० अंश, बरोबर अर्धं चक्र. एकाचा वायू पूर्ण निघून गेल्यावर दुसऱ्याचा येतो. पण १ आणि २ यांच्यात फक्त २४० अंश, तसंच ६ आणि ५ यांच्यात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडीचशे अंशांहून थोडा जास्त काळ उघडा असतो. म्हणजे दोन नंबरचा व्हॉल्व्ह उघडून त्याचा सगळ्यात जोरदार झोत सुटतो तेव्हा एक नंबरचा व्हॉल्व्ह बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात, पण अजून किलकिला असतो. शिवाय त्याच वेळी त्याचा इनलेटही उघडलेला असतो. शेजारच्याचा दाब उलटा शिरून एक नंबरची सफाई बिघडवतो. मधल्या जोडीला हा त्रास जवळपास नाही, पुढच्या आणि मागच्या जोडीला आहे.

स्वतंत्र नळ्यांचा दुसरा फायदा म्हणजे जोडणीच्या पोकळीत झोताचा वेग मोडत नाही. व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत वाट एकसंध अरुंद होत गेली पाहिजे. मध्ये अचानक रुंद पोकळी आली की तिथे वेग भोवऱ्यांत जातो आणि शेवटचं तोंड कितीही नेटकं असलं तरी तो परत मिळत नाही.

रात्रपहारा

रात्रीबद्दल.

मर्लिन पायलटच्या समोर, नळ्या त्याच्या नजरेच्या रेषेच्या थोड्या खाली. दिवसा काही दिसत नाही. रात्री मात्र प्रत्येक नळीतून निळसर ज्योत आणि ठिणग्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढे सतत उजेड म्हणजे शत्रू तर सोडाच, धावपट्टीचे मिणमिणते दिवेही दिसेनासे होतात. हरिकेन रात्री वापरायला लागल्यावर नाकावर, एक्झॉस्ट आणि विंडस्क्रीन यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना आडव्या पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, त्या यासाठीच. उपाय अगदी साधा, पण उतरताना बाजूचं खालचं दृश्य तेवढं झाकलं जातं.

ज्योत का येते ते समजून घेण्यासारखं आहे. टेकऑफला मिश्रण मुद्दाम इंधनाने श्रीमंत ठेवतात, त्यामुळे इंजिन थंड राहतं आणि ठोका (मिश्रण अवेळी पेटून बसणारा दणका) टळतो. सगळं इंधन जळायला सिलिंडरमध्ये पुरेसा ऑक्सिजन नसतो, म्हणून एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन उरतात. नळीच्या तोंडाशी ताजी हवा मिळाली की गरम वायू तिथेच पेट घेतो. मोनॉक्साइडची ज्योत निळी. मिश्रण फारच श्रीमंत असेल तर काजळीचे कण तापून पिवळी-नारिंगी ज्योत दिसते. थ्रॉटल झटकन मागे घेतला की फटफट आवाजासह जे भडके उडतात, तेही नळीत न जळलेलं मिश्रण पेटल्यामुळे. नळी जितकी आखूड तितकी बाहेरची हवा आत शिरायला सोपी, आणि भडका जास्त.

यावर दोन प्रकारचे उपाय होते. पहिला म्हणजे माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड. गोल झोतापेक्षा चपटा झोत लवकर हवेत मिसळतो आणि थंड होतो, ज्योत आखूड होते. रेटाही किंचित वाढला, त्यामुळे रोल्स-रॉइसने गोल तोंडाच्या जागी हेच घेतलं. दुसरा म्हणजे ज्योतरोधक, म्हणजे नळ्यांभोवती लांब आवरण. त्यात वायू हळूहळू हवेत मिसळून थंड होतो आणि मगच बाहेर पडतो. जर्मन बीएफ ११० च्या रात्रीच्या आवृत्तीवर इंजिनाच्या बाजूला लांबलचक जाड नळ्या दिसतात, त्या ह्याच. मॉस्किटोवरही सुरुवातीला आवरणं होती. ती काढून उघडे इजेक्टर लावल्यावर वेग ताशी दहा मैलांच्या पुढे वाढला. म्हणजे दिसू नये म्हणून मोजायची किंमत साधारण तेवढी. म्हणून एकाच विमानाच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या आवृत्त्यांवर वेगळे एक्झॉस्ट आढळतात.

एक मुद्दा जर्मनांच्या बाजूने. डायमलर-बेंझ इंजिन उलटं, सिलिंडर खाली. त्यामुळे १०९ च्या नळ्या बऱ्याच खाली येतात आणि चकाकी पायलटच्या नजरेत कमी येते.

किनारा

वाचनखूण साठवली. हवेने थंड होणाऱ्या गोल इंजिनांचं काय? त्यात सिलिंडर गोलाकार असल्यामुळे नळ्या रांगेत लावताच येणार नाहीत. झीरो या जपानी लढाऊ विमानाच्या जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये एक्झॉस्ट वेगळे दिसतात, त्यामागे काय कारण?

नीलाकाश

किनारा, बरोबर पकडलंत. गोल इंजिनात सगळ्या सिलिंडरांचा वायू एका कड्यात गोळा करून एक-दोन ठिकाणी बाहेर सोडायची जुनी रीत. कडं सोपं, पण जड, आणि सगळे झोत त्यात एकमेकांत मिसळून वेग गमावतात. रेटा जवळपास शून्य. ब्रिस्टल कंपनीने तर मर्क्युरी, पेगासस आणि सुरुवातीच्या हर्क्युलिसवर हे कडं पुढेच ठेवलं, काउलिंगची (इंजिनावरच्या झाकणाची) पुढची कडाच ती. ब्लेनहाइम किंवा ब्यूफायटरच्या इंजिनापुढचं तांबूस तपकिरी कडं म्हणजे तापून रंग बदललेला एक्झॉस्ट.

झीरोचं मॉडेल ५२, म्हणजे ए६एम५, १९४३ मध्ये आलं. त्यात कडं काढून सिलिंडरांच्या नळ्या वेगवेगळ्या करून काउलिंगच्या फटीतून मागे वळवल्या. पंखही ११ मीटरांपर्यंत आखूड केला. कमाल वेग ताशी ५६५ किमीच्या आसपास गेला. यातलं नेमकं श्रेय पंखाचं किती आणि नळ्यांचं किती, हे दोन्ही बदल एकत्र आल्यामुळे सुटं काढणं अवघड. पण इंजिन तेच साकाए २१ होतं, ताकद वाढलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखं. नळ्यांच्या मागे धडाच्या पत्र्यावर उष्णतारोधक पट्ट्या लावाव्या लागल्या. वर मृण्मयी१९ यांनी म्हटलेली ओढाताण ती हीच.

सगळ्यात नीट मांडणी फोके-वुल्फ १९० ची. बीएमडब्ल्यू ८०१ चे १४ सिलिंडर, नळ्या काउलिंगच्या मागे दोन्ही बाजूंना आणि पोटाखाली गटागटाने काढलेल्या. त्या ज्या फटीत सुटतात तिथूनच इंजिन थंड करून आलेली हवाही बाहेर पडते. वेगवान झोत त्या हवेला ओढून घेतो, त्यामुळे थंड हवेचा प्रवाह सुधारतो. म्हणजे एकच झोत दोन कामं करतो. २३ जून १९४२ ला एक १९० चुकून वेल्समधल्या पेम्ब्रे तळावर उतरलं आणि ब्रिटिशांना त्याचा अख्खा अभ्यास करता आला. हॉकर टेंपेस्ट दोनच्या सेंटॉरस इंजिनाची मांडणी करताना त्याचा उपयोग झाला. तिथे पुढचं कडं नाही, नळ्या काउलिंगच्या मागे बाजूला एका खोबणीत एकत्र सुटतात.

ही टेंपेस्ट दोन आपल्या हवाई दलानेही वापरली, १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत ती होती. दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक ठेवलेलं आहे. बघायला गेलात तर पंखाच्या पुढे, धडाच्या बाजूला वाकून ती खोबण जरूर बघा. नळ्यांचा बाहेरचा कोन आणि मागच्या पत्र्याचं अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर ही सगळी चर्चा लगेच उलगडते. तिथे स्पिटफायरही आहे, त्याच्या नळ्यांशी तुलनाही होईल.

रशियन ला-५एफएन मध्येही हाच प्रवास. आधीच्या ला-५ वर बाजूला एकत्र केलेलं तोंड, एफएन वर स्वतंत्र नळ्या.

दख्खनी

टर्बोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

इजेक्टर वायूची ऊर्जा मागे फेकून वापरतो. टर्बो तीच ऊर्जा टर्बाइन फिरवून इंजिनात हवा भरायला वापरतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतल्या पाइक्स शिखरावर लिबर्टी इंजिनाला टर्बो जोडून तपासलं होतं. अमेरिकनांचा टर्बोवरचा भर तिथून चालत आला.

पी-४७ थंडरबोल्ट हे त्याचं टोकाचं उदाहरण. इंजिन नाकात आणि टर्बो मागे शेपटीकडच्या धडात. कड्यातून दोन जाड नळ्या निघतात, कॉकपिटच्या खालून पोटातून मागे जातात, टर्बाइनला वायू देतात, तो पोटाखालून बाहेर. दाबलेली हवा इंटरकूलरमधून गार होऊन पुन्हा पुढे कार्ब्युरेटरपर्यंत. त्या विमानाचं पोट एवढं खोल का, याचं उत्तर या नळ्यांत आहे. पुढच्या बाजूला, काउलिंगच्या मागे खाली जी दोन तोंडं दिसतात ती वेस्टगेटची. खालच्या उंचीवर टर्बोची गरज नसते, तेव्हा वायू तिथूनच बाहेर सोडतात. उंची वाढत गेली की वेस्टगेट बंद होत जातात आणि जास्त वायू टर्बाइनकडे वळतो. टर्बाइन मिनिटाला वीस हजारांच्या घरात फिरतं. त्याचा वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून कॉकपिटमध्ये इशारा देणारा दिवा असतो.

नुकसान काय? एक, नळ्यांची लांबी आणि वजन. दोन, उष्णता. स्टेनलेस स्टीलची एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली तर सुमारे ९ मिलिमीटर लांबते. काही मीटरांच्या वाटेत ही वाढ काही सेंटिमीटर होते. ती सामावायला एकात एक सरकणारे सांधे लागतात. सांधा गच्च बसवला तर नळी वाकते किंवा वेल्ड फाटतो, सैल ठेवला तर पोटात गरम वायू गळतो. सगळी देखभाल याच दोन टोकांमध्ये चालते. फायदाही सांगायला हवा: इंजिनाला स्वतःचा गिअरवरचा सुपरचार्जर होताच, त्यामुळे लढाईत मागच्या नळ्या फुटल्या तरी खालच्या उंचीवर इंजिन चालत राही.

सांगलीकर

मग मर्लिनला टर्बो का नाही लावला? दोन टप्प्यांचा सुपरचार्जर फिरवायला दोनशेहून जास्त हॉर्सपॉवर इंजिनातूनच जात असणार. टर्बो ते फुकटात करतो.

दख्खनी

फुकटात नाही. टर्बाइनमधून जाताना वायूवर उलटा दाब येतो. खूप उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो, पण टर्बोच्या इंजिनात एक्झॉस्ट कड्यातला दाब समुद्रसपाटीच्या आसपासच राहतो. म्हणजे पिस्टनला त्या दाबाविरुद्ध वायू ढकलावा लागतो. उघड्या नळीच्या मर्लिनमध्ये उंचीवर बाहेरचा दाब उतरतो, सिलिंडर अधिक स्वच्छ रिकामा होतो आणि झोताचा वेगही वाढतो. त्यामुळे सुपरचार्जरला दिलेली काही ताकद नळ्यांतून रेट्याच्या रूपाने परत येते. वेगवान, लहान लढाऊ विमानात हा सौदा मर्लिनच्या बाजूने पडतो. लांब पल्ल्याच्या, मंद, उंचावर तासन्‌तास उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानात टर्बोच्या बाजूने. बी-१७ वर टर्बो होता, ते या हिशोबात बसतं.

जोडकाम

नळ्या कशाच्या करायच्या आणि कशा टिकवायच्या यावर.

साधं पोलाद तांबडं होण्याच्या तापमानाला भराभर ऑक्सिडाइज होऊन पापुद्रे सोडतं. म्हणून क्रोमियम-निकेलचं स्टेनलेस, आणि जिथे फारच ताप तिथे इन्कोनेल. इन्कोनेलमध्ये ७० टक्क्यांहून जास्त निकेल आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. साधं १८-८ स्टेनलेस (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) ४५० ते ८५० अंशांत फार वेळ राहिलं तर त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो, त्या सीमा क्रोमियमला मुकतात आणि तिथून गंज व तडे सुरू होतात. त्यावर उपाय म्हणून थोडं टायटॅनियम घातलेलं ३२१ किंवा नायोबियम घातलेलं ३४७ वापरतात, कारण कार्बन आधी त्यांना जाऊन चिकटतो. पत्र्याची जाडी साधारण १ ते सव्वा मिलिमीटर.

आखूड नळी कुठे फुटते? जवळपास नेहमी फ्लँजच्या (नळी इंजिनाला आवळायच्या चपट्या पट्टीच्या) वेल्डच्या कडेला. फ्लँज द्रवाने थंड होणाऱ्या सिलिंडर हेडला आवळलेला, म्हणून गार. दोन बोटं पुढे नळी सातशे-आठशे अंशांवर. प्रसरणाचा सगळा ताण त्या अरुंद पट्ट्यात. वेल्ड घासून सपाट, गुळगुळीत केला तर बघायला छान, पण जाडी गेली आणि तडा तिथूनच.

तपासणीत आणि बसवताना पाळायच्या गोष्टी:

नळीवर कधीही शिसपेन्सिलने खूण करू नका. पेन्सिलमधलं ग्राफाइट तापल्यावर धातूत शिरतं, ती रेघ ठिसूळ होते आणि नेमकी त्या रेघेवर चीर पडते. जस्त चढवलेली हत्यारं किंवा तार लावू नका, जस्तही तसंच नुकसान करतं. घासायला लोखंडी ब्रश नको, स्टेनलेसचा घ्या.

नळी उतरवल्यावर फ्लँज सपाट पट्टीवर धरून उजेड दिसतो का बघा. वाकलेला फ्लँज नट आवळून सरळ करायचा प्रयत्न केला तर स्टड तुटतो. गॅस्केट दर वेळी नवीन. नट टप्प्याटप्प्याने, मधून बाहेर, आणि पहिल्या तापण्यानंतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा.

गळती शोधायला नळ्यांची तोंडं बंद करून आत अगदी हलका दाब द्या, दोन-तीन पौंड पुरे, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. मोठा दाब दिलात तर चांगले सांधेही फुगे दाखवतील. चालत्या इंजिनात गळतीची खूण म्हणजे सांध्यापासून पसरलेले राखाडी किंवा काजळीचे पट्टे. रंग पोळून फुगलेला पत्रा दिसला तर गळती जुनी आहे.

चिरेच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थांबवायची रीत पंखाच्या पत्र्यावर चालते, एक्झॉस्टवर नाही. तो भाग कापून नवीन वेल्ड करायचा किंवा नळीच बदलायची. पत्रा आतून किती पातळ झाला आहे ते बाहेरून कळत नाही. खालच्या बाजूने हलकं दाबून बघा, दबला तर ती नळी बाद.

अनघा_प

गळतीचा विषय निघालाच आहे तर हॉकर टायफूनबद्दल लिहायलाच हवं. नेपिअर सेबर इंजिन, २४ सिलिंडर, आणि नळ्या कॉकपिटच्या बऱ्याच जवळ. कार्बन मोनॉक्साइड आत शिरत असे. नोव्हेंबर १९४२ मध्ये लांब नळ्या लावल्या, ती सुधारणा क्रमांक २३९. सोबत डावं दार सील केलं. ही सुधारणा न झालेल्या विमानात सगळा वेळ ऑक्सिजन वापरावा, अशी सूचना पायलटच्या पुस्तिकेतच होती. सगळा वेळ म्हणजे फक्त उंचीवर नाही, जमिनीवर इंजिन चालू असतानासुद्धा.

हा वायू ना दिसतो, ना वास येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. वरच्या उंचीवर ऑक्सिजन आधीच कमी, म्हणून जमिनीवर चालून जाणारं प्रमाण वर घातक ठरतं. पायलटला आधी डोकेदुखी, मग निर्णयात चुका, आणि आपण चुकतोय हे कळण्याची क्षमता त्याच वेळी जाते. टेकऑफच्या श्रीमंत मिश्रणात मोनॉक्साइड सर्वात जास्त असतो, म्हणजे धोका पायलट सर्वात सावध हवा तेव्हाच मोठा. घाटमाथा आणि जोडकाम यांनी लिहिलेल्या प्रत्येक सांध्याचा शेवटी माणसाशी असा संबंध येतो.

किनारा

सगळ्यांचे आभार. एक शेवटचा, मॉडेल करणाऱ्यांसाठी प्रश्न. एक्झॉस्टच्या मागचे डाग काळे रंगवावेत का? आणि १०९ च्या डाव्या बाजूच्या नळ्यांवर एक पत्र्याची पट्टी असते, ती रात्रीच्या चकाकीसाठीच का?

वाऱ्याचा_वेग

पट्टी चकाकीसाठी नाही. १०९ च्या सुपरचार्जरचं हवा घेण्याचं तोंड डाव्या बाजूला, नळ्यांच्या मागे वर आहे. गरम जळका वायू त्यात शिरला तर हवा विरळ होते, ऑक्सिजन घटतो आणि ताकद पडते. पट्टी तो वायू खाली दाबून ठेवते. म्हणून मॉडेलवर ती डावीकडे विसरू नका.

डागांचा रंग मिश्रणावर अवलंबून. त्या काळच्या इंधनात शिसं असे. लांब पल्ल्यावर, विरळ मिश्रणाने उडालेल्या विमानावर डाग फिकट राखाडी ते पिवळसर, शिशाच्या संयुगांचे. टेकऑफ, चढाई, झटापट अशा श्रीमंत मिश्रणाच्या उड्डाणानंतर काळे, काजळीचे. बहुतेक विमानांवर दोन्ही एकावर एक: मध्ये फिकट पट्टा, कडेला काळपट. डाग सरळ मागे ओढू नका. प्रोपेलरने फिरवलेली हवा डाव्या आणि उजव्या बाजूला सारखी वाहत नाही, त्यामुळे एका बाजूचा पट्टा वर चढतो, दुसरीकडचा खाली उतरतो. नळ्या स्वतः काळ्या नकोत. तापून गेलेल्या स्टेनलेसचा रंग तपकिरी, त्यात जांभळट-निळसर झाक, आणि तोंडाच्या आतल्या कडेला फिकट राखाडी.

रात्रपहारा

रात्रीच्या विमानाचं मॉडेल करत असाल तर एक भर: ज्योतरोधक लांब आवरणांवर डाग नळीच्या तोंडाशी सुरू होत नाहीत, आवरणाच्या मागच्या टोकाला सुरू होतात. आवरणाचा पुढचा भाग त्या मानाने स्वच्छ राहतो, कारण तिथून फक्त थंड हवा आत जाते.